कुरुळीच्या दोन खोल्या

कुरुळीला पाहण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पुणे-नाशिक रस्ता गावाच्या कडेने जातो आणि गावाशी आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा पुढे चाकणकडे निघून जातो. फलटणच्या माणसाने वाट वाकडी करून तिथे जावं असं काही कारण नाही. मी गेले ती माझ्या धाकट्या भावाला, मधूला, परत आणायला. बरोबर एक रिकामी वळकटी होती, जाड कॅनव्हासची, चामडी पट्ट्यांची, आमच्या आप्पांच्या नोकरीच्या काळातली. तिच्यात मधूचं अंथरूण-पांघरूण बांधायचं आणि घट बसायच्या आत त्याला घेऊन घरी यायचं, असा आप्पांचा हुकूम होता.

हुकूम मला पटलेला होता. मधूला लहानपणी देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. पुढे तो पुण्याच्या अंधशाळेत शिकला, चिंचवडला एका वसतिगृहात राहून भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला लागला. वसतिगृहाला फाटक होतं, अधीक्षक होते, त्यामुळे आप्पांचा जीव भांड्यात पडलेला होता. पण गेल्या वर्षी मधू आणि त्याचे दोन मित्र तिथून बाहेर पडले आणि कुरुळीत खोल्या घेऊन राहायला लागले. स्वतःचे स्वतः. मग आमच्या एका आतेभावाने मधूला ट्रकांच्या गर्दीत रस्ता ओलांडताना पाहिलं आणि घरी येऊन ते असं रंगवून सांगितलं की आईला त्या दिवशी घास गिळेना.

एक्याऐंशी साल होतं ते, जगभर अपंग वर्ष म्हणून पाळलेलं. आमच्या शाळेत मी स्वतः मुलांकडून त्यावर निबंध लिहून घेतले होते. निबंधांतले सगळे अपंग जिद्दी होते, आणि त्यांच्यातल्या कुणालाही भाड्याने खोली घ्यायची नव्हती.

भोसरी

भोसरीच्या थांब्यावर उतरले तेव्हा जळक्या तेलाचा वास आला. पाळी सुटली होती. सायकली, डबे, निळे शर्ट, आणि मधोमध तो नाशिक रस्ता, ट्रकांनी भरलेला. मधू थांब्याच्या खांबाला टेकून काठी घेऊन उभा होता. मी हाक मारायच्या आत म्हणाला, "ताई, चपलेचा अंगठा तुटलाय ना?"

तुटला होता, दिवे घाट उतरायच्या आधीच. मी पाय ओढत चालत होते ते त्याने इतक्या गोंगाटात ऐकलं होतं. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, आणि या दोन्हींचा राग येऊन मी त्याचं मनगट घट्ट पकडलं.

रस्ता ओलांडायचा होता, कुरुळीकडची एस.टी. पलीकडून मिळते. समोर जरा मोकळं दिसलं तशी मी, एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात मधू, अशी निघाले. तो "थांब, थांब" म्हणत होता. रस्त्याच्या मध्यावर त्याची काठी माझ्या पायात अडकली. मी त्याला पुढे ओढलं, तो मागे रेटत होता, आणि चाकणकडून कांद्याने लादलेला ट्रक आला. ड्रायव्हरने ब्रेक मारला तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्याने खिडकीतून आमच्या घराण्याचा जो उद्धार केला तोही.

पलीकडे पोचल्यावर मी वळकटी खाली टेकवली. मधू मात्र शांतपणे बोलला.

"ताई, तू मला धरायचं नाही. मी तुला धरतो." त्याने माझ्या कोपराच्या जरा वर चार बोटं टेकवली. "तू नुसती चाल. तू वळलीस, थांबलीस, की मला आपोआप कळतं. ओढलंस की मला काहीच कळत नाही."

"रोज असा ओलांडतोस?"

"रोज असा नाही. रोज नीट ओलांडतो."

वळकटी रिकामी असल्याचं त्याने एव्हाना हातानेच चाचपून पाहिलं होतं. कशाला आणलीस, असं त्याने विचारलं नाही.

कुरुळी

मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल गेला, तसे कारखाने संपले आणि बाजरीची शेतं लागली. कणसं भरलेली होती. आमच्या फलटणकडे कालव्याचं पाणी आणि ऊस, इथे कोरडवाहू बाजरी, भुईमूग आणि घराघराशेजारी कांदे साठवायची चाळ. हवेलाच कांद्याचा वास. भाकरी बाजरीची, तीही चांगली जाड, आणि बरोबर शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडची ज्वारीची पातळ भाकरी पाहून इथल्या बाया नक्की हसतील.

खोल्या सोपानरावांच्या होत्या. जुनं शेतकऱ्याचं घर, त्याच्या अंगणापलीकडे कौलारू दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायच्या. कारखाने आज ना उद्या इथवर येतील, मग भाडेकरू मिळतील, म्हणून बांधलेल्या. कारखाने काही आले नव्हते, पण ही तीन माणसं आली होती. सोपानराव उंच, कमी बोलणारे. त्यांच्या बायकोला, द्रौपदाकाकूंना, नवऱ्याच्या वाटणीचंही बोलावं लागत असावं. माझी झोपायची सोय त्यांच्याकडेच होती.

"मास्तरीनबाई, तुमचा भाव लई गुनाचा हाय," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "पर बाईमानूस न्हाई वो घरात. बघून जीव तुटतो माजा."

मधूचे साथीदार दोघं. दत्ताराम राजापूरकडचा, पोलिओने दोन्ही पाय गेलेले, कुबड्यांवर चालायचा. मधूच्याच कारखान्यात बसून विजेच्या मोटारींच्या तारांच्या गुंडाळ्या भरायचा. भगवान बीडचा. तो धडधाकट म्हणूनच पिंपरीला आला होता, प्रेस मशिनने उजव्या हाताची बोटं नेली आणि तोही या गोतावळ्यात सामील झाला. आता एका हाताने गोदामात माल लावायचा, बहुतेक दुसऱ्या पाळीत; त्या दिवशी मात्र त्याची सुट्टी होती.

त्या घरात पाऊल टाकलं आणि मला वाटलं, ही माणसं सारखी स्वतःशी बडबडतात.

"तांब्या, उंबऱ्याच्या आत, डाव्या हाताला," असं म्हणत दत्तारामने तांब्या ठेवला.

"स्टो विझवला. कढई गरम, दांडा भिंतीकडं," भगवान म्हणाला.

"ताईची पिशवी खुंटीवर, दुसऱ्या," मधू म्हणाला.

दत्ताराम माझ्याकडे बघून हसला. "आमचा घर बोलता, ताईनू. तुमका सवय होतली."

रीत अशी होती की काहीही ठेवायचं ते बोलून ठेवायचं. काय, आणि कुठे. न बोलता कुणी काही ठेवायचं नाही. मधूसाठी सुरू झालं, पण आता तिघांनाही त्याशिवाय चैन पडत नसे. दारापासून न्हाणीपर्यंत अंगणात एक दोरी बांधलेली होती, मधूच्या कमरेच्या उंचीवर. विहिरीवरून पाणी मधू आणायचा, स्वयंपाक दत्ताराम बसून करायचा, आणि भाकरी भगवान थापायचा, डाव्या हाताने. भाकरी गोल व्हायच्या. माझ्या होत नाहीत.

जेवताना मी विषय काढला. वसतिगृहात काय वाईट होतं? वेळेवर जेवण, वर पत्रा, काळजी घेणारं माणूस.

"रविवारी पाहुणे यायचे," मधू म्हणाला. "आम्ही धुतलेले कपडे घालून ओळीत उभं राहायचं आणि गाणं म्हणायचं. मी आठवडाभर कारखान्यात आठ-आठ तास उभा राहिलेलो असायचो, ताई. मी कमावता माणूस होतो."

"आन् फाटक सातला बंद," भगवान म्हणाला. "दुसरी पाळी घ्यायची नाही, कारण फाटक. मित्राच्या लग्नाला जायचं नाही, कारण फाटक."

चिंचवड-पिंपरीत त्यांनी खोल्या पुष्कळ पाहिल्या. खोली आहे, असं घरमालक म्हणायचे, आणि ही मंडळी समोर येऊन उभी राहिली की त्यांना अचानक गावाकडचे पाहुणे येणार असायचे. शेवटी हे इतक्या लांब आले. निघताना अधीक्षक म्हणाले होते, महिन्याभरात परत याल. आता वसतिगृहातली आणखी चार-पाच मुलं बाहेर पडायच्या विचारात होती. ती यांच्याकडे डोळे लावून बसली होती.

"आमी हय टिकलो तर त्यांका खोली गावतली," दत्ताराम म्हणाला. "आमका कोणी उठवल्यान तर संपला. मग सगळे म्हणतले, बघा, सांगितलेला."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, टिका बापांनो, पण माझ्या भावाला सोडून टिका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मधू-दत्तारामबरोबर त्यांचा कारखाना बघायला निघाले तेव्हा गावातल्या बाया गोधड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन ओढ्याकडे चालल्या होत्या. घट जवळ आले होते. आमच्याकडे घराची मोठी सफाई दिवाळीआधी होते, इकडे घटाआधी घर काढतात. काढतात म्हणजे खरोखर बाहेर काढतात. भांडं, डबा, फडताळ, सगळं अंगणात, घासून-पुसून-सारवून पुन्हा आत. मी कौतुकाने बघत उभी राहिले. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण माझंच काय, तिघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

कारखान्यात मधू रबराच्या चकत्या आणि स्प्रिंगा जोडत होता. बोटं इतकी भरभर चालत होती की मला काही दिसेना. शेजारचा कामगार म्हणाला, "ताई, तुमच्या भावाच्या हातून आलेला माल आम्ही तपासतच नाय." मला अभिमान वाटला. पण मी मुळात हट्टी आहे. मनाला सांगितलं, शाब्बासकी वेगळी आणि रस्त्यावरचे ट्रक वेगळे.

संध्याकाळी आम्ही परतलो. दत्ताराम एस.टी.तून उतरायला वेळ घेतो, म्हणून मी आणि मधू पुढे झालो. भगवान दुसऱ्या पाळीला गेलेला होता. माझ्या कोपरावरची मधूची बोटं अंगणाशी येताच सुटली. घरी त्याला माझी गरज नव्हती.

अंगण सारवून लख्ख केलेलं होतं. खोल्यांच्या दारावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं होती. भिंतीला नवा चुना. मी म्हणाले, "अरे वा, काय सुंदर..."

दोरी जागेवर नव्हती. ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला दोन झाडांना बांधली होती, आणि तिच्यावर यांच्याच गोधड्या वाळत होत्या. ते मला दिसलं आणि त्याचा अर्थ कळायच्या आत मधू झपझप चालत उंबरा ओलांडून आत गेला. स्वतःच्या घरात माणूस जसा जातो तसा.

आधी भांडं पडल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग मधूचा.

भगवान दुपारी पाळीला गेल्यावर द्रौपदाकाकूंनी संध्याकाळपर्यंत खपून त्या पोरांचं घर काढलं होतं. सगळं घासलं होतं, सगळं त्यांना योग्य वाटलं तिथे लावलं होतं. स्वच्छ घरात स्वच्छ अंगाने यावं म्हणून पाण्याचा हंडा आधण येईपर्यंत तापवला होता आणि उंबऱ्याच्या आत, ऐन वाटेत, आणून ठेवला होता. तिथे कधीच काही नसायचं. आणि ठेवताना त्या काही बोलल्या नव्हत्या, कारण घरात कुणी नव्हतंच.

मधूचा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजला होता. मी बादलीतलं गार पाणी ओतत सुटले. काकू धावत आल्या, हंडा पाहिला, पाय पाहिला, पदराचा बोळा तोंडात घातला आणि तशाच मागे पळाल्या. सोपानराव शेतातून आले. त्यांनी मधूला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यापर्यंत जवळजवळ पळतच नेलं.

चाकण

कांद्याच्या टेम्पोतून आम्ही चाकणला गेलो, पोत्यांवर बसून. मधूने दात ओठांत रुतवले होते. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला विचारलं, "यांना फार दुखतंय का?"

"पाय माझा आहे, डॉक्टर," मधू म्हणाला. "मला विचारा."

डॉक्टर वरमले. मलम लावलं, पट्टी बांधली, कातडी फार खोल गेलेली नाही म्हणाले. पण दहाएक दिवस पाय टेकायचा नाही. बाहेरच्या बाकावर टेम्पोची वाट बघत बसल्यावर माझा बांध फुटला.

"बस झालं हे. उद्या निघायचं. फलटणला तुला एवढंसं तरी कधी भाजलं होतं का?"

"नाही भाजलं," तो म्हणाला. "तिथे मला चुलीजवळ कधी जाऊच दिलं नाही."

समोर बाजारात कांद्याचे ढीग होते, हमाल पोती उचलत होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "हंडा काकूंनी ठेवला. हो ना?"

"दुसरं कोण?"

"तू कुणाला सांगू नकोस. काकूंचं गावात हसं होईल. आणि मग त्या आमच्या दारात पाऊल टाकायच्या नाहीत."

"आणि तुझ्यावर आळ आला तर?"

"मी भांडेन. पण काकूंचं नाव घेऊन नाही."

पुन्हा कुरुळी

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. सकाळी मी मधूच्या खोलीत वळकटी उघडली आणि धुतलेली गोधडी घडी घालून तिच्यात ठेवायला लागले. बक्कल वाजलं. मधू अंथरुणावर भिंतीला टेकून बसला होता. त्याने आवाजाकडे मान वळवली. मला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात अंगणात माणसं आली. सोपानराव आणि त्यांच्याबरोबर गावातले चार जाणते लोक. भगवान आणि दत्ताराम दारात आले. मीही गेले. मधू उंबऱ्यापर्यंत सरकत सरकत आला.

सोपानराव जमिनीकडे बघत बोलले. "पोरांनो, माजं तुमच्याशी वाकडं न्हाई. पर काल पाय भाजला, उद्या जीव जायचा. मग पोलीस माज्या दारात येनार. घट बसायच्या आत खोल्या मोकळ्या करा."

"काका, भाजलो मी," मधू म्हणाला. "तुमचं घर नाही भाजलं."

"उद्या घर बी जळंल," बरोबरचा एक म्हातारा म्हणाला. "आंधळ्या मानसानं इस्तवापाशी जावंच कशाला? सरकारनं तुमच्यासाठी आश्रम काढल्यात न्हवं? तितं ऱ्हावा की सुखानं."

भगवान पुढे झाला. त्याने आपला उजवा हात, बोटं नसलेला, म्हाताऱ्याच्या समोर धरला. "बाबा, तुम्ही काय बोलायलात? हे बघा. ही बोटं कारखान्यात गेली. तिथं सगळे दोन डोळ्यांचे, दोन हातांचे होते. मी सुद्धा. तो कारखाना कुणी बंद केला का? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मशिनवर दुसरा माणूस बसला होता. मग एक पाय भाजला तर आमचं घरच का बंद करायचं?"

"तुजं खरं आसंल," सोपानराव म्हणाले, "पर..."

त्या 'पर'च्या पुढे काही आलं नाही, पण ते आपला शब्द मागेही घेत नव्हते. मी दाराला धरून उभी होते. मला हवं होतं तेच घडत होतं, मला एक शब्द बोलावा न लागता. पण आनंद होत नव्हता. यांना इथून उठवलं की चिंचवडच्या फाटकाआड डोळे लावून बसलेली ती मुलं तिथेच राहणार होती. मधू माझ्याबरोबर फलटणला येऊन ओसरीवरच्या खाटेवर बसणार होता, आणि आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार होते, आमच्या मधूला काही कमी नाही.

"हंडा म्या ठिवला."

सगळ्यांनी मागे पाहिलं. द्रौपदाकाकू त्यांच्या दारात उभ्या होत्या, हात पिठाने भरलेले. पितरांच्या जेवणाचा स्वयंपाक अर्धा टाकून आल्या होत्या.

"त्यो काय आंधळा म्हनून भाजला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो आपल्या घरात आपल्या पायानं चालत व्हता. हंडा म्या ठिवला, दोरी म्या सोडली, आन् सांगितलं न्हाई. त्यांची रीत मला ठावं व्हती. वरीस झालं ऐकतीया."

"तू आत जा," सोपानराव म्हणाले.

"जाते. पर एक इचारते. सूनबाई नवी आली तवा तिनं माज्या मिठाचा डबा हलवला. म्या खिरीत मूठभर मीठ घातलं, पावन्यांच्या पंगतीत. ठावं हाय न्हवं? तवा कुनी म्हनलं न्हाई, द्रौपदाला आता चुलीपासनं उठवा."

जाणत्यांपैकी एकाला हसू फुटलं. सोपानरावांनी त्याच्याकडे पाहिलं तसं ते विरलं. काकू आत गेल्या. चार माणसांसमोर नवऱ्याचा शब्द खोडून काढणं त्या घरात काय होतं, ते त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

सोपानराव लाल झाले होते. त्यांनी एकदम मलाच विचारलं, "मास्तरीनबाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमीच सांगा. भावाला न्यायलाच आलाय न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मधू बघत नव्हता, पण त्याची मान वळलेली होती, तशीच, बक्कल वाजलं तेव्हा वळली होती तशी. मला आप्पा दिसले, आई दिसली.

"न्यायलाच आले होते," मी म्हणाले. "पण तो येणार नाही. आणि मीही त्याला नेणार नाही."

सोपानरावांनी पागोटं सारखं केलं. मग ते शेताकडे निघून गेले. बाकीचेही पांगले. ना हो, ना नाही.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. काकूंकडून पितरांचं ताट आलं, खीर-पुरी, वडे, अळूची भाजी, गवारीची भाजी. आमच्याकडे गवारीत गूळ घालतात, इथे ती झणझणीत होती, पण मला चव कळली असं म्हणवत नाही. भगवान पाळीला गेलाच नाही. दत्तारामने स्टोव्ह दोनदा पेटवला आणि दोनदा विझवला. आम्ही सगळं जुन्या जागी लावत होतो, म्हणजे ते तिघं बोलून आणि मी त्यांच्याकडे बघून. डबा कोपऱ्यात. परात फळीवर. घासलेटचा डबा दाराबाहेर. वळकटीतली गोधडी मी काढून मधूच्या पायाखाली दिली. "गोधडी, पायाशी," मी म्हणाले. तो पहिल्यांदा हसला.

दिवस कलल्यावर बाहेर पावलं वाजली. मी दारातून पाहिलं. सोपानराव होते, खांद्यावर नव्या दोरीचं वेटोळं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. एक टोक दाराच्या खांबाला बांधलं. चालत न्हाणीपर्यंत गेले, दुसरं टोक तिथल्या मेढीला बांधलं, ताणून पाहिलं, सोडलं, पुन्हा जरा खाली बांधलं. मधूची उंची त्यांनी काल पाठीवर मोजलीच होती.

मग ते जायला वळले. चार पावलं गेले, थांबले. घसा खाकरला. आत बसलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, पण तोंड शेताकडे करून, म्हणाले,

"दोरी. दारापासनं न्हानीपातुर. बांधली हाय."

आतून मधू म्हणाला, "कळलं, काका."

भगवानने स्टोव्हकडे तोंड फिरवलं. दत्ताराम उगीचच कुबड्यांची रबरं तपासायला लागला. मी काय केलं ते सांगत नाही.

फलटण

घट बसले त्या दिवशी दुपारी मी निघाले. काकू म्हणाल्या, रिकामं भांडं माघारी धाडत न्हाईत, तर रिकामी वळकटी कशी धाडू? त्यांनी तिच्यात चाळीतले कांदे भरले, वर ओल्या शेंगा भरल्या आणि पट्टे आवळले. ती इतकी जड झाली की भगवानने ती एका हाताने उचलून रस्त्यापर्यंत आणली आणि मला दोन्ही हातांनी उचलवेना. भोसरीचा रस्ता मी एकटीने ओलांडला, पुष्कळ वेळ थांबून, नीट ऐकून.

घरी पोचले तेव्हा आप्पा ओसरीवर होते. त्यांच्या शेजारची खाट झाडून तिच्यावर धुतलेली चादर घातलेली होती. आई आतून धावत आली आणि माझ्यामागे रस्त्याकडे बघायला लागली. आप्पांनी वळकटीवर हात ठेवला. ती गच्च भरलेली आहे हे पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आणलंस सगळं सामान त्याचं?" ते म्हणाले. "आणि मधू? मधू कुठे आहे?"

मी एस.टी.त बसून पुष्कळ उत्तरं तयार केली होती. ती सगळी बाजूला ठेवली. वळकटी मी खाटेवर टेकवली.

"कांदे आणि शेंगा, खाटेवर," मी म्हणाले. "मधू, कुरुळीत. घरी."